खालून वाचायचा तक्ता

अक्का,

तुझ्या जाण्याची बातमी आमच्या पेपरात चार ओळींत आली. मी पाच लिहून दिल्या होत्या. नाव, वय, ठाण्याच्या सरकारी इस्पितळातली नोकरी, मागे कोण आहे. आणि शेवटी एवढंच की तुला इंग्लंडच्या फुटबॉलची आवड होती. पान लावताना जागा कमी पडली आणि शेवटची ओळ गेली. यात कोणाचा दोष नाही. महत्त्वाचं वर लिहायचं, त्याहून कमी महत्त्वाचं त्याच्याखाली, आणि जागा कमी पडली की खालून कापायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मीही इतकी वर्षं तसंच कापत आलो.

तुला हा नियम कधीच पटला नाही. तू म्हणायचीस, "आमच्या वॉर्डात असं केलं तर? जास्त आजारी असलेले कोपऱ्यातले पेशंट आधी बाहेर काढायचे, खाटा कमी पडल्या म्हणून?" मी म्हणायचो, पेपर म्हणजे वॉर्ड नव्हे. तू म्हणायचीस, "तेच तर म्हणतेय."

म्हणून ठाण्याच्या या साप्ताहिकाने तुझ्यावर लिहायला सांगितलं तेव्हा सुरुवात कुठून करायची हेच कळेना. तुझ्या आयुष्यातलं जे मला माहीत आहे, ते बरंचसं तळाशी आहे.

जे वाचणार आहेत त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. लढाईच्या काळात तू कल्याणच्या छावणीतल्या लष्करी इस्पितळात नर्स होतीस. आज जिथे सिंधमधून आलेली माणसं राहतात त्याच बराकींत तेव्हा ब्रह्मदेशातून आणलेले गोरे सोल्जर तापाने फणफणत पडलेले असत. त्यातला एक पोरगा इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कोळशाच्या बंदरातला होता. ताप चढला की तो अकरा नावं म्हणायचा. नेहमी त्याच क्रमाने, गोलकीपरपासून सुरुवात करून. तुला वाटलं, त्याच्या मेलेल्या सोबत्यांची नावं असतील. ताप उतरल्यावर त्याने सांगितलं, ती त्याच्या गावच्या टीमची आहेत. मग बरं होत आलेले सोल्जर मैदानात खेळायचे तेव्हा तो खाटेवरून तुला खेळ समजावून द्यायचा. ऑफसाइडचा नियम तुला त्याने औषधाच्या बाटल्या मांडून शिकवला. तोच तू मला डोंबिवलीच्या घरात वाट्या मांडून शिकवलास आणि आई ओरडली, "आधी वरण वाढू द्या, मग काय ते खेळा."

तो पोरगा बरा झाला, त्याच्या तुकडीबरोबर गेला, आणि पुढे त्याचं काय झालं ते तुला कधी कळलं नाही. मी एकदा विचारलं होतं की त्या टीमचं एवढं काय. तू म्हणालीस, "डिस्चार्ज झालेल्या पेशंटची चौकशी कुठे करायची रे? म्हणून टीमची करते."

त्या टीमचं नाव मी इथे लिहीत नाही. तू कधी घेतलं नाहीस. "आपले" म्हणायचीस. वॉर्डात सगळं शांत असलं तरी 'आज शांत आहे' असं नर्स तोंडाने म्हणत नाही, म्हटलं की घंटा वाजते, अशी तुमची समजूत. तीच तू तिकडे लावली होतीस. आई म्हणायची, "इंग्रजांना इतक्या मुश्किलीने घालवलं आणि आता त्यांच्या चेंडूची काळजी आपण करायची?" पण रविवारी मी ठाण्याहून परत आलो की तीच आधी विचारायची, "काय झालं तिच्या त्या आपल्यांचं?"

मी खेळाच्या पानावर लागलो तेव्हा आमचा पेपर इंग्लंडच्या पहिल्या विभागाचा अख्खा तक्ता छापायचा. बावीसच्या बावीस टीम. मग वाचणारे साहेब बोटीने परत गेले. आमचे मुख्य उपसंपादक, मूळचे म्हापशाचे, एके दिवशी तक्ता हातात धरून म्हणाले, "मधू, हे खालचे कोण वाचतो? तुझी आई?" मी म्हटलं, "बहीण." ते हसले आणि त्यांनी पेन्सिलीने मधोमध रेघ मारली. त्या दिवसापासून वरचा अर्धा छापून यायचा आणि खालचा अर्धा टेलिप्रिंटरच्या कागदावरच राहायचा.

आणि आपले कायम खालच्या अर्ध्यात.

तेव्हापासून मी तळातल्या टीम एका कागदावर उतरवून रविवारी दुपारी तुझ्याकडे आणू लागलो. टेंभी नाक्यावरून तुझ्या क्वार्टर्सकडे यायचं, तिथून दोघांनी चालत तलावपाळीला जायचं, आणि पाण्याकडे तोंड करून कठड्यावर बसायचं. कागद तू हातात घ्यायची नाहीस. "खालून वाच," म्हणायचीस. सर्वांत शेवटची टीम आधी. मग तिच्या वरची. मग तिच्या वरची. नाव जितक्या उशिरा येईल तितकं बरं. मला हे उलटं वाटायचं. तू म्हणालीस, "वरून वाचलंस तर मी आशेने ऐकत बसेन आणि प्रत्येक नावाला ती कमी होईल. खालून वाचलंस की प्रत्येक नावाला भीती कमी होते."

मी तेव्हा हे एक चमत्कारिक वाक्य म्हणून ऐकलं होतं.

आता एका सीझनविषयी. कुठल्याही इतिहासात तो वेगळा नोंदला जाणार नाही. विजेते दुसरेच कोणी होते, त्यांच्यावर लिहिलं गेलं. आपल्यांची सुरुवात बरी झाली होती. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात नाव इतक्या वरती यायचं की वाचता वाचता माझा घसा कोरडा पडायचा. इस्पितळातली आया हिराबाई, कोपर गावची, तुझ्या चेहऱ्यावरूनच ओळखायची. "काय गो बाय, तुजी पोरां जिकली का?" आणि नसतील जिंकली तर, "आज तोंड परलंय, म्हंजी हारली." फुटबॉल म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. तुझी कुठली तरी पोरं लांब कुठे आहेत आणि दर शनिवारी त्यांची परीक्षा असते, एवढं तिने धरलं होतं.

मग हिवाळा आला. तिकडे बर्फ, धुकं, चिखल. आपले हरू लागले. काही शनिवारी टेलिप्रिंटरवर नुसतंच यायचं की सामना पुढे ढकलला, आणि मला ते हरण्याहून वाईट वाटायचं. तू मात्र म्हणायचीस, "रिपोर्ट आला नाही म्हणजे वाईट आला असं नसतं." तेव्हाच एका सामन्यात आपला गोलकीपर गोल सोडून पुढे धावून आला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून आत गेला. बातम्यांच्या एजन्सीने त्यावर एक ओळ दिली होती. त्या एका ओळीवर आपण दोघं महिनाभर भांडलो. मी म्हणत होतो, त्याने लाइनीवर उभं राहायला हवं होतं. तू म्हणत होतीस, "पुढे यायलाच हवं. समोरून येतंय ते दिसतंय ना? मग पुढे जाऊन त्याची वाट अडवायची. लाइनीवर उभं राहून काय होणार, आत जाताना नीट दिसेल एवढंच." आपण दोघांनी तो सामना पाहिला नव्हता, तो गोलकीपर पाहिला नव्हता, ते गाव कुठल्या नकाशात धड सापडलं नव्हतं. तलावावर फिरायला आलेले एक वकील आपल्याकडे बघत थांबले होते. त्यांना वाटलं असेल, घराच्या वाटण्या चालल्या आहेत.

जानेवारीतल्या एका रविवारी मी खालून वाचायला सुरुवात केली आणि तिसरंच नाव आपल्यांचं निघालं. शेवटच्या दोन टीम दुसऱ्या विभागात ढकलल्या जातात. म्हणजे आता कडेवर. मी कागद घडी करत होतो. तू पाण्याकडे बघत म्हणालीस, "मधू, मला गाठ लागलीय. छातीला, डाव्या बाजूला. दुखत नाही. दुखत नाही तेच वाईट."

मी विचारलं, कधीपासून. तू म्हणालीस, "दिवाळीच्या आंघोळीला हाताला लागली."

मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलीस का. तू म्हणालीस, "दाखवायची काय? मला माहीत नाही का काय असतं ते?" आणि मग, "आईला सांगायचं नाही. सीझन संपू दे. मे महिन्यात रजा मिळेल तेव्हा बघू."

मी पेपरातला माणूस. आग, अपघात, दंगल, सगळ्याला शीर्षकं दिलेली. त्या दुपारी मी तुझ्या शेजारी बसून हातातल्या कागदाच्या घडीवर घडी घालत राहिलो. तलावात पोरं पोहत होती, त्यांच्या ओरडण्याचा आवाज येत होता, आणि मला फक्त हे कळत होतं की दिवाळी होऊन गेली आहे आणि मे महिना लांब आहे.

त्यानंतर दर रविवारी मी तेच बोलायचो. मुंबईला चल, मोठ्या इस्पितळात दाखवू, आजच चल. तू दर वेळी काहीतरी काढायचीस. वॉर्डात टायफॉइडचे पेशंट आहेत. दोन नर्सेस रजेवर आहेत. नवीन मेट्रन यायची आहे. सगळी कारणं खरी होती. तुझी कारणं नेहमी खरीच असायची, म्हणून तुझ्याशी वाद घालणं कठीण. आणि त्याच दिवसांत, मी व्हरांड्यात तुझी वाट बघत उभा असताना, आत तू एका बाईवर आवाज चढवलेला मी ऐकला. ती पायाची जखम सडेपर्यंत घरी बसली होती. "इतके दिवस काय करत होतीस? आम्ही कशाला बसलोय इथे?" हिराबाई बादली घेऊन बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "दुसऱ्यांवर वरडते. आन् सोताचा काय?"

म्हणजे तिलाही तू सांगितलं होतंस. किंवा तिने बघितलं होतं. मी विचारलं नाही.

मला तेव्हा राग येत होता. आता वाटतं, तो राग नव्हता. रात्री पाळीवर टेलिप्रिंटर खडखडू लागला की मी हातातलं काम टाकून उठायचो, आणि आधी मी समजायचो की ते आपल्यांच्या निकालासाठी आहे. मग लक्षात आलं की मी मनातल्या मनात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. आपले वर राहिले तर अक्का राहील. हे मी कोणाला सांगितलं नाही. ऑफिसात ज्योतिषाचा मजकूर आला की सर्वांत आधी हसणारा मीच. पण तक्ता उतरवून घेताना माझं अक्षर बिघडू लागलं होतं.

मार्चमध्ये मी एका रविवारी तलावपाळीला आलो आणि कठड्यावर बसलो. तू नेहमीसारखी म्हणालीस, "हं, खालून वाच."

"कागद आणला नाही."

"विसरलास?"

"विसरलो नाही. आणला नाही."

तू माझ्याकडे वळून बघितलंस.

"आधी डॉक्टर," मी म्हटलं. "त्याशिवाय तक्ता मिळणार नाही."

"मधू, हा पोरखेळ आहे."

"असू दे. तुझा गोलकीपर पुढे येतो म्हणे. समोरून येतंय ते दिसतंय ना? मग तू का लाइनीवर उभी?"

तू उठलीस आणि क्वार्टर्सकडे चालू लागलीस. वळून बघितलं नाहीस. मी तिथेच बसून राहिलो. मागून यायची हिंमत झाली नाही. आपण लहानपणी कितीतरी भांडलो, पण तुझी पाठ बघून मला भीती वाटली ती तेव्हा पहिल्यांदा. वाटलं, मी आपल्या हाताने तुझ्याकडून एवढीशी गोष्ट काढून घेतली आणि बदल्यात काहीच मिळणार नाही.

पुढच्या रविवारी तू भेटली नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही. नंतर हिराबाईकडून कळलं की तू स्टेशनवरच्या स्टॉलवरून दुसरा पेपर घेऊन बघितलास. त्यांनीही खालचा अर्धा कापला होता. मग तू कल्याणला जाऊन रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांना विचारलंस. छावणीच्या दिवसांपासून त्यांची ओळख होती. त्यांनी तुला चहा पाजला, केक दिला, राणीच्या फोटोखाली बसवलं, आणि मोठ्या तोऱ्याने पेपर उघडून दाखवला. तो आमचाच निघाला. त्यांनी तुला वर पहिल्या नंबरवर कोण आहे ते खुशाल वाचून दाखवलं. हे तू मला पुढे सांगितलंस तेव्हा हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग एका सकाळी हिराबाई डोंबिवलीला आमच्या मागच्या दारी आली. आई विहिरीवरून नुकतीच आत येत होती. हिराबाईने मला बघितलं आणि आईकडे लक्ष न देता म्हणाली, "शिष्टरनी सांगतलाय, मंगलवारी म्हमईला दाक्तरकडे चाललीय. कागद दे."

आई म्हणाली, "डॉक्टरकडे? कोण चाललंय?"

"मी," हिराबाई म्हणाली. "माजे गुडघ्यासाठी. तुजी पोर नेते मना."

आई म्हणाली, "बरं झालं. माझेही दुखतात, मला का नाही नेत ती?" आणि आत गेली. मी कागदावर तळातल्या टीम लिहिल्या. पहिल्यांदा एक नाव गळलं म्हणून दोनदा लिहिल्या. आपले खालून दुसरे होते. ते लिहिताना वाटलं, हे कळल्यावर तू जाणार नाहीस. खोटं लिहिण्याचा विचार आला नाही असं म्हणवत नाही, पण तुझ्यापुढे ते टिकलं नसतं. हिराबाईने कागद पदरात बांधला आणि म्हणाली, "वाचू नको हां, मना कललाय. वायीटच हाय."

तू मुंबईला गेलीस. डॉक्टरांनी बघितलं आणि ऑपरेशन करायचं ते लगेच सांगितलं. तू परत आलीस तेव्हा स्टेशनच्या बाहेर, टांग्यात बसण्याआधी, म्हणालीस, "मधू, तपासायच्या टेबलावर झोपायची भीती नव्हती रे. उठल्यावर काय सांगतील त्याची होती." नंतर कधी तू त्यावर बोलली नाहीस. मी विचारलं नाही. आता विचारायला हवं होतं असं वाटतं. पण तू उत्तर दिलं असतंस की नाही, मला माहीत नाही.

आईला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितलं. तिने निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाली, "हिराबाईच्या गुडघ्याला काही झालेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं."

ऑपरेशन झालं त्याच आठवड्याच्या शनिवारी आपल्यांचा शेवटचा सामना होता. बरोबरी झाली असती तरी चालणार होतं. मी त्या दिवशी ऑफिसात टेलिप्रिंटरजवळ उभा राहिलो नाही. दुसऱ्या टोकाला, खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटर लोकांच्या खोलीत जाऊन बसलो, आणि कागद कोणीतरी आणून दिला. आपले एका गोलने हरले होते. खालून दुसरे. त्याखाली एजन्सीची एक ओळ होती की शेवटच्या मिनिटांत गोलकीपर आपल्या लाइनीवरून हलला नाही.

रविवारी दुपारी मुंबईच्या इस्पितळात भेटीची वेळ होती. जिन्यावर मी थांबलो. माझ्यापुढे फुलांची पुडी घेतलेला एक गृहस्थ चढत होता. त्याचं कोणी तरी बरं होत असावं, कारण तो शीळ घालत होता. मी तुझ्या दारापर्यंत आलो आणि मला आत येववेना. एका नर्सने विचारलं, "तुम्ही सिस्टरचे भाऊ ना? मघापासून तीनदा विचारलंय त्यांनी."

तू उशीला टेकून होतीस. डावा हात बांधलेला. तोंड इतकं पांढरं की ओळखायला वेळ लागला. तू म्हणालीस, "खालून वाच."

मी सर्वांत खालचं नाव वाचलं. ते आपल्यांचं नव्हतं. तू डोळे मिटलेस. मी दुसरं नाव वाचू शकलो नाही.

"वाच की."

मी वाचलं.

तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता संपलं. मग तू म्हणालीस, "तोंड असं काय केलंयस? खाली गेलेत. मेले नाहीत. ऑगस्टमध्ये परत खेळतील."

मी पुन्हा कागदाकडे बघितलं.

"मधू, तू माझं आणि त्यांचं एकत्र बांधलं होतंस की काय?"

"नाही."

"मग कागद का हलतोय?"

शेजारच्या खाटेवरची बाई आपल्याकडे बघत होती. तू तिला म्हणालीस, "आमची माणसं नापास झालीत," आणि हसायला गेलीस, आणि टाके ओढले म्हणून थांबलीस. मग मी एजन्सीची ती ओळ वाचून दाखवली. तू म्हणालीस, "बघ. लाइनीवर उभा राहिला. आता पुढच्या वेळी तरी ऐक माझं."

त्यानंतरची वर्षं तू मला दिलेली आहेत, असं मी मानतो. तू मात्र असल्या बोलण्याला थारा देत नसायचीस. डावा हात सुजायचा, खांद्याच्या वर जायचा नाही. तू चादरी एका हाताने घालायची वेगळीच पद्धत काढलीस आणि नवीन पोरींना तीच शिकवलीस. त्यांना वाटायचं, इंग्रज मेट्रनने शिकवलेली असणार. दुखणं लपवून ठेवणाऱ्या बायकांवर ओरडणं तू बंद केलंस. त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसायचीस. काय बोलायचीस ते मला कळलं नाही.

दुसऱ्या विभागाचा तक्ता इथला कुठलाच पेपर छापत नव्हता, अर्धाही नाही. पण टेलिप्रिंटरवर यायचा. आमचे म्हापशाचे साहेब आता स्वतःच तो कागद फाडून माझ्या टेबलावर टाकायचे. "घे, तुझ्या बहिणीची मंडळी." तू आधीपेक्षा शांतपणे ऐकायचीस. म्हणायचीस, पडून झालं की पडायची भीती जाते. माझी गेली नाही. तू खोकलीस की माझे कान टवकारायचे. तू पाठीला उशी घेतलीस की मी आठवायचो, मागच्या रविवारी घेतली होती का. तू एकदा चिडून म्हणालीस, "माझ्याकडे असं बघत जाऊ नकोस रे. मी काय तक्ता आहे?" मी बघणं सोडलं नाही. फक्त तुझं लक्ष नसताना बघू लागलो.

आणि गेल्या पावसाळ्यानंतर तू पाठीला उशी घेतलीस ती काढली नाहीस.

दुखणं परत आलं होतं. या वेळी तू काहीच लपवलं नाहीस. आईला तू स्वतः सांगितलंस. कोणत्या दिवशी काय होईल, ते तू मला आधी सांगायचीस आणि ते तसंच व्हायचं, आणि मला त्या अचूकपणाची इतकी भीती वाटायची की मी तुला थांब म्हणायचो. तू थांबायचीस. तुला तुझ्याच वॉर्डात ठेवलं होतं, खिडकीजवळच्या खाटेवर. हिराबाई दुपारी येऊन तुझ्या केसांना तेल लावायची आणि कोपरच्या मिठागरांतली भांडणं सांगायची.

शेवटच्या रविवारी मी कागद घेऊन आलो. तुझा आवाज जेमतेम होता. "खालून," एवढंच म्हणालीस. मी वाचू लागलो. सर्वांत खालचं नाव. त्याच्या वरचं. त्याच्या वरचं. प्रत्येक नावानंतर मी तुझ्याकडे बघत होतो. आपल्यांचं नाव येत नव्हतं. आणखी एक वाचलं. आणखी एक. तू उजवा हात थोडा वर केलास.

"बास," म्हणालीस. "वर असतील."

मी म्हटलं, "अजून थोडं आहे, येईलच नाव."

"नको. राहू दे."

कागद मी घडी करून खिशात ठेवला. नाव आणखी किती वर होतं ते मला माहीत होतं, मीच उतरवलं होतं. तुला सांगायचं राहिलं. तू विचारलंही नाहीस.

तू गेल्यानंतरचा पहिला शनिवार आला तेव्हा मी रजा काढून घरी बसलो होतो. ऑफिसात यायची भीती वाटत होती. कसली, ते सांगता येणार नाही. आता बांधून ठेवायला काही उरलं नव्हतं. संध्याकाळी आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "आज शनिवार ना? तिचे आपले खेळणार असतील."

मी म्हटलं, "आता काय करायचंय?"

ती म्हणाली, "तिने कधी सोडलं का? जा, बघून ये. मला येऊन सांग."

साप्ताहिकाच्या संपादकांना मी एक विनंती केली आहे. जागा कमी पडली तर या वेळी वरून कापा. छावणी गेली तरी चालेल, माझी नोकरी गेली तरी चालेल, बातमी कशी लिहायची ते तर आधी जाऊ दे. खालचं ठेवा.

अक्का, मी गेलो. टेलिप्रिंटरसमोर उभा राहून खालून वाचत आलो. नाव लवकर आलं नाही.